धुऱ्यापलीकडचा भुईमूग

निंबोळी अर्काचा कडू वास आला की वडनेरचं वावर आठवतं. तीन आठवड्यांचा माझा कोवळा भुईमूग रोज माना टाकत होता आणि दोन वावरांमधल्या धुऱ्यापलीकडे भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, दोन महिन्यांचा भुईमूग हिरवागार उभा होता. त्यांनीच माझ्याकडे तणनाशक मारलं असणार, अशा संशयाने एका दुपारी मी गुपचूप त्यांचा फवारणीचा पंप हुंगला. त्याला निंबोळीचाच वास होता. तरी मला वाटलं, धुतला असेल. “पंप काऊन हुंगून राह्यली, बाई?” ते मागेच उभे होते. त्यांनी स्वतःचंच एक झाड उपटून माझ्यापुढे धरलं. बुडाशी माझ्या झाडांसारखीच पांढरी बुरशी होती, पण एकच फांदी वाळली होती. “माह्यं झाड जून हाय, फांदीवर निभावलं. तुह्यं कोवळं, पुरं गेलं.” घरात त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. मला मात्र आजही त्यांच्याकडे सरळ पाहता येत नाही.