पाच रेघांची लेणी

मित्रांनो, तीस वर्षं शिळफाट्यावर बोर्ड रंगवतोय, कुणाकडे न शिकता. आता पन्नाशीत डिझाइनच्या क्लासला बसलोय.

कोंडाण्याच्या लेण्यांचं चित्र मी कमानीवरची जाळीसुद्धा मोजून काढलं होतं. आज मॅडम म्हणाल्या, “काका, फक्त पाच रेघा ठेवा.” चडफडत नव्या कागदावर तेवढ्याच काढल्या. चार कमानीच्या, एक डोंगराची.

घरी दोन्ही चित्रं बायकोपुढे धरली. तिचं माहेर कोंडाणे. जाळीवालं बघून म्हणाली, “अवो, कुठलं देऊळ हाय हे?” मग पाच रेघांवर बोट ठेवलं. “ही आमची लेणी! इथंच आमी गुरं न्यायचो.”

माझ्या जाळीतली एक रेघ चुकलेली नाही. मग तिला गाव त्या रिकाम्या कागदात कसं दिसलं? तुम्हीच सांगा, उद्या कुठलं चित्र जमा करू?