एकच कोड, दोन पोरी

भूतखेत, भानामती, बाहेरची बाधा... यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या गल्लीत बायका घुमायला लागल्या की त्यांना ताक पाजून घरी पाठवणारी मी बाई. शिक्षण चौथीपर्यंत. डोळे चांगले आहेत, मोतीबिंदू काढून झालाय. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक सगळ्यात आधी माझ्या डोळ्यांवरच घसरतात.

औशात आमचा फोटो स्टुडिओ आहे. मालक गेल्यापासून मुलगा बंडू चालवतो. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, त्यामुळे शाळांचे फोटो हाच काय तो धंदा. बंडू फोटो काढतो, सून मीरा कॉम्प्युटर बघते, आणि मी शाळेत बाकाशेजारी कंगवा, पावडर आणि कोट घेऊन बसते. कोट एकच. निळा, सोबत टाय. प्रत्येक लेकराला तोच चढवायचा, पाठीमागं चिमटे लावून मापाचा करायचा, फोटो झाला की उतरवून पुढच्याला. मालकांच्या वेळेपासून असंच आहे. समोरून सगळी लेकरं कलेक्टर दिसतात, मागून बुजगावणी.

पूर्वी फोटो पाकिटात घालून शाळेत देऊन टाकायचो. आता सॉफ्टवेअर आलंय. प्रत्येक लेकराला एक कोड मिळतो, त्याची चिठ्ठी घरी जाते. आईबाप मोबाईलवर कोड टाकतात, आपल्या लेकराचा फोटो दिसतो, पसंत पडला तर मागवतात. म्हणजे कोड ही किल्ली. एकाची दुसऱ्याला लागता कामा नये.

गेल्या हिवाळ्यात आधी लोह्याची शाळा केली. लोहा मीराचं माहेर, तिचा भाऊ त्याच शाळेत मास्तर. ती शाळा तिनंच मिळवलेली. नंतर चाकूरची केली. चाकूरला तनुजा नावाची तिसरीतली पोरगी कोटाचं वरचं बटन पिळत बसली आणि ते तुटलं. मी तिच्या हातावर एक चापट दिली, माझ्या बांगडीला अडकवलेली पीन काढली आणि कोटाला लावली. फोटोत ती पीन चकाकते. लोह्याच्या फोटोंत बटन आहे. एवढं ध्यानात ठेवा.

फोटो कॉम्प्युटरवर चढले आणि कटकट सुरू झाली. चाकूरची तनुजा आणि लोह्याची अक्षरा — दोघींना एकच कोड. कोड टाकला की दोन्ही पोरींचे फोटो दिसायचे.

"दुसरा दे की मग," मी म्हणाले.

"दिला ना, आत्या. परत तोच झाला," मीरा म्हणाली.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो पुण्याकडचा, गोड बोलणारा. "मॅडम, सिस्टीममध्ये असं होतच नाही. तुमच्याकडूनच काहीतरी चुकतंय." मीरानं त्याला परत परत सांगितलं. तो परत परत तेच म्हणाला, तितक्याच गोडीनं.

तेवढ्यात तनुजाच्या बापाचा फोन आला. "माझ्या पोरीचा फोटो लोह्याच्या लोकाला दिसून राहिला. उद्या कुणी कुठं टाकला म्हंजे?" त्याचं काय चुकलं? बंडूनं मान खाली घालून ऐकलं आणि फोन ठेवून सगळं मीरावर काढलं.

"तुला जमत न्हाई तर सोड. लातूरचा एक जण हाय, तो बसतो म्हणतो कॉम्प्युटरवर."

"बसवा," मीरा म्हणाली. "माझ्या भावानं त्या शाळेत तोंड कसं दाखवायचं, ते बी त्यालाच विचारा."

ती कॉम्प्युटर स्वतः शिकली. कुणी क्लासला घातलं नव्हतं. आमच्या घरात तिची म्हणून जागा कुठली असेल तर ती खुर्ची. एकदा तिथून उठवली की ती परत बसणार नाही, हे मला कळत होतं. बंडूला कळत नव्हतं. मी काही सुनेचं कौतुक करत बसणारी सासू नाही — भाजीत तिचा हात मिठाला कायम आखडता असतो. पण चूक तिची नव्हती.

ते खरं की नाही हे बघायला दुपारी जेवणं झाल्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. आकडे मला वाचता येतात. तिनं तनुजाचा कोड बदलला. मी मोठ्यानं वाचला. तिनं सेव्ह केला, बंद केलं, परत उघडलं. अक्षराचा कोडही तोच होऊन बसलेला — तिच्या नावाला तर हातसुद्धा लावला नव्हता. मग दोन्ही नावं पुसून नव्यानं घातली. परत तेच. बाकीची एवढी लेकरं, कुणाचं काही नाही. फक्त या दोघी.

माझं डोकं फिरलं. "डबडं हाय ते. फोटो छाप. हातात नेऊन देऊ अन् मोकळं होऊ."

बंडू आणि मी चाकूरला गेलो, मीरा लोह्याला. कुणाचा फोटो चुकून दिसत होता ते दाखवून माफी मागायची, म्हणून दोन्हीकडं दोन्ही फोटो नेले.

तनुजाची आई दारात तूर निवडत होती. मी पीनवाला फोटो तिच्या हातात दिला.

"ही कोण ओ मावशी?"

"कोण म्हंजे? तुझी तनुजा."

"न्हाई ओ." तिनं माझ्या हातातला दुसरा फोटो ओढून घेतला. "ही माझी."

मी तिला बटनाचं सांगितलं, पिनेचं सांगितलं. ती नुसती हसत होती. तेवढ्यात पोरगी शाळेतून आली. तीच — डाव्या भुवईवर जुनी खोक, हनुवटी टोकदार. पीनवाल्या फोटोत खोक आहे, हनुवटी आहे. दुसऱ्या फोटोतली पोरगी गोल तोंडाची, पुढचा दात पडलेली. पोरीचे सगळे दात जागेवर होते. मी पीनवाला फोटो तिच्या गालाला लावून धरला.

"हे बघ. आता सांग."

"डोळे तपासून घ्या मावशी," आई म्हणाली.

पोरीनं दोन्ही फोटो बघितले आणि गोल तोंडावर बोट ठेवलं. "मम्मी, ह्यात मी लई हसली."

मी बंडूकडं बघितलं. त्याचा जन्म लोकांची तोंडं बघण्यात गेलाय. तो एकदा पोरीकडं बघायचा, एकदा फोटोकडं, तोंड उघडंच. मग बटनवाला फोटो तिथंच ठेवला आणि चपला घालायला लागला. दुसरं करणार काय होता?

एसटीची वाट बघत उभे होतो, तर मीराचा फोन. चाकूरचं तिला आम्ही काही कळवलं नव्हतं.

"आत्या, अक्षराची आई बटनवाला घेईना. पीनवालाच माझ्या पोरीचा म्हणून राहिली. पोरगी बी तेच म्हणती. समोर उभी हाय ओ, दात पडलेली..."

"मग?"

"भांडले. शेवटी दिला."

"बरं केलं," मी म्हणाले.

घरी आल्यावर मीरानं कॉम्प्युटर उघडला. बंडू आणि मी मागं उभे. दोघींचे कोड वेगळे. कुणी काही केलं नव्हतं. आम्ही तिघं घराबाहेर होतो आणि कुलूप बंडूच्या खिशात होतं... म्हणजे किल्ली. त्या दिवसानंतर ते कोड परत एक झाले नाहीत.

लातूरच्या माणसाचं नाव बंडूनं परत काढलं नाही. मध्ये दुसऱ्या एका शाळेत दोन पोरांना एकच कोड आला, तेव्हा तो बायकोला काही बोलला नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माय, फोटो घेऊन जाऊन येऊ का?" मीरा खुर्चीवरूनच म्हणाली, "थांबा, हे माझंच चुकलंय." आणि तिनं ते नीट केलं.

कारण विचाराल तर मला माहीत नाही, मीराला नाही, बंडूला नाही. कंपनीचा माणूस अजून म्हणतो, असं होतच नाही. ओळखीचे म्हणतात, म्हातारे, तुझाच घोळ झाला असेल. होऊ दे. कोटाला बटन मी परत शिवलंय, पण ती पीन माझ्या बांगडीला आहे. ती चाकूरच्या पोरीला मीच लावली होती.