बांधाची राखण

आमच्या गावचा रस्ता चाकणच्या कंपन्यांकडे जातो, पण त्याची डागडुजी करायची आम्हीच. दर रविवारी घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन हजर. रस्त्याकडेची पाण्याची चारी उपसायची, बाभळी तोडायच्या, खड्ड्यांत मुरूम भरायचा. आमच्या आणि माझ्या चुलत दिराच्या घराकडे मिळून शेतापासून ओढ्याच्या वळणापर्यंतचा तुकडा.

दीर मात्र दर वेळी आमच्या दोघांच्या सामाईक बांधापाशीच खणत बसायचा. माझं डोकंच फिरलं. बांध कुणी एका दिवसात खात नाही, फावड्या-फावड्याने कोरतो. त्यात त्या बांधालगतच्या चिंचोळ्या पट्टीवरूनच आमचा ट्रॅक्टर शेतात उतरतो. ती गेली तर शेत असून नसल्यासारखं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणे, "संशयाला औषध नाही." मग त्याच्याऐवजी मीच जायला लागले.

"वयनी, तुमी कशाला? आमी हाय की," दीर म्हणाला.

"तुमी हाय म्हणूनच आले, भावजी."

मी त्याच्या फावड्यावर डोळा ठेवून. हळूहळू ध्यानात आलं, त्याचा डोळा माझ्या खुरप्यावर आहे. मी बांधावरचं गवत काढलं की हा लगेच येऊन तिथली माती चापटून जायचा. म्हणजे तोही राखणीलाच येत होता! हसू यायचं सोडून मला संताप आला. माझ्यावर संशय? मी काय बांधकोरी आहे? पुढचे सगळे रविवार आम्ही दोघं तिथून हललो नाही. तेवढी चारी लख्ख. लोक कौतुक करायचे, "दीर-भावजय लई झटत्यात, राव."

यंदा ऐन ऑगस्टात दोन दिवस झोडपून पाऊस झाला. चारीचं पाणी उलटं फिरलं आणि बांधासकट ती पट्टी कापून घेऊन गेलं. ट्रॅक्टर रस्त्यावरच अडकला. मला रडूच कोसळलं. पाणी तुंबलं कुठे ते बघायला आम्ही दोघं चारीच्या कडेने निघालो. ओढ्याच्या वळणावर, तिथली जमीन घेतलेल्या कुणा प्लॉटवाल्याची कंपाउंडची भिंत चक्क चारीत उभी होती. भिंतीवर शेवाळ धरलेलं, म्हणजे ती आजकालची नव्हती.

"आपल्याला कुणी सांगितलं कसं न्हाई?" दीर म्हणाला.

कोण सांगणार? तो तुकडा आमच्याच दोन घरांचा होता.