सात वर्षं न शिजलेली डाळ

अंजनगाव सुर्जीच्या एसटी स्टँडवर आईनं खिडकीतून माझ्या मांडीवर जी थैली ठेवली, ती मला पाच मिनिटांतच जड झाली. तिच्या पिवळ्या काठाच्या जुन्या हिरव्या लुगड्याची शिवलेली थैली, आत घरच्या तुरीची डाळ. बस सुटायला वेळ होता, कंडक्टर खाली चहा पीत उभा होता आणि आई खिडकीखालून एकच गोष्ट परत परत सांगत होती. "घरची डाळ हाय. शिजवजो अन् खाजो. हॉटिलाची सवय नको लावू जवायाले." जावई माझ्या शेजारीच बसून गालातल्या गालात हसत होते. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. मी "हो वो आई" म्हणत होते आणि मनात, सूट बाबा एकदाची ही गाडी.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर पुण्याचे आहेत, बंगळुरूचे आहेत, एक कॅनडाची आहे. गावाच्या आठवणी निघाल्या की मला कोणी तोंड उघडू देत नाही. अकोल्याला जाणं हे काय जाणं झालं, अडीच तासांत तर घरी पोचतेस, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे बाबांनो. पण कॅनडात तुमची डाळ शिजत होती. माझी अकोल्यात शिजत नव्हती.

शहराबाहेरच्या नव्या वस्तीत, ले-आऊटमध्ये, आमचा फ्लॅट. तिथं महापालिकेचा नळ आलेला नव्हता, वापरायला बोअरचं पाणी आणि प्यायला आरओचा कॅन. पहिल्याच दिवशी हौसेनं कुकर लावला. चार शिट्ट्या झाल्या, सहा झाल्या, दहा झाल्या. झाकण काढलं तर डाळीचे दाणे खाली आणि पिवळं पाणी वर. ताटात वाढली तर दाणे टणटण वाजले. मग कुकरची रिंग बदलली, मग कुकरच बदलला, रात्रभर भिजत घातली, चिमूटभर सोडाही टाकला. दुकानातली डाळ आणून पाहावी, तर घरात आईची थैली असताना ती बेइमानी वाटायची. शेजारणीला विचारावं, तर मी शिकवणी वर्गात दहावीला विज्ञान शिकवते. सायन्सच्या मॅडमची डाळ शिजत नाही, हे सगळ्या ले-आऊटला कोण कळवणार?

त्या पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या शोभाताईंच्या भोजनालयात जेवलो. दुसऱ्या दिवशीही तिथंच. आमचे हे बडनेऱ्याला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले, त्यांना कँटीनच्या जेवणाचं कौतुक. आणि मला वरणाशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही. खरं सांगायचं तर दोघेही कामावरून थकून यायचो आणि डाळीच्या रूपानं दोघांनाही एक उत्तम निमित्त सापडलं होतं. पुढं मोबाइलवर ॲप आलं, मग कोपऱ्यापर्यंत जाणंही सुटलं. दाल फ्राय, शेवभाजी, पनीर, तंदुरी रोटी. आठवड्यातून एकदाच असं ठरवून आठवड्यातून पाचदा.

दर उन्हाळ्यात आई तूर भरडायची आणि नवी थैली एसटीनं यायची. फोनवर ती विचारायची, "डाळ कशी हाय?" मी म्हणायचे, "छान." घरात किडे होतील म्हणून ती थैली मी शोभाताईंना नेऊन द्यायचे. त्या खूश होऊन आमच्या ताटात एक वाटी दाल फ्राय जास्तीची ठेवायच्या. म्हणजे स्वतःची डाळ फुकट देऊन तीच पैसे मोजून खायची, आणि वर शोभाताईंचे आभार मानायचे. इतका शहाणपणा मी कुठं शिकले, कोण जाणे.

मग तपासणीत माझी साखर काठावर निघाली आणि यांची ॲसिडिटी तर घरातलं तिसरं माणूस झालेली. डॉक्टरांनी बाहेरचं बंद सांगितलं. स्वतःचं घर घ्यायचं म्हणून जे साठवायचं ठरलं होतं, ते तर कधीच पोटात गेलं होतं. झालं, सुधारणा सुरू. यांनी ओट्स आणले. ओट्स चार दिवस चालले. मी कोशिंबिरीवर राहिले आणि पाचव्या दिवशी वर्गातल्या पोरांवर विनाकारण ओरडले. ॲप काढून टाकलं, शनिवारी परत घेतलं. ग्रुपवर सांगितलं तर कॅनडावालीनं ज्वारीचे फायदे लिहून पाठवले. ज्वारीचे फायदे, मला, अंजनगावच्या मुलीला! एवढा राग आला की त्याच संध्याकाळी बिर्याणी मागवली.

एरवी मीच माहेरी जायचे, पण अशातच आई डोळे तपासायला आली. दवाखान्यातून परतताना दुपार झाली, तिला भूक लागली आणि आमच्या भोळ्या माणसानं रिक्षा थेट शोभाताईंकडे वळवली. मी कोपरानं ढोसते आहे, यांच्या लक्षात येईल तर शपथ. आत गेलो तर गल्ल्याशेजारी खिळ्याला हिरवी थैली लटकलेली. त्याच लुगड्याची, तोच पिवळा काठ. शोभाताईंनी त्यात कागदी रुमाल भरून ठेवले होते.

आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, तिला नीट दिसत नसावं अशी मी आशा करत होते. तिनं जाता जाता थैलीला हात लावला. शिवण चाचपली. मग येऊन बसली, जेवली, डाळ आणखी एक वाटी मागून घेतली.  

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिनं हळूच विचारलं, "आपली डाळ खराब निंगते का वो? मले सांगाचं तं."

रागावली असती तर मी सोसलं असतं. सात वर्षं मी तिला "छान" म्हणत आले होते, आणि एका दुपारीत तिनं सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. मला रडू आलं. रडत रडत मी सगळं सांगितलं, कुकर, रिंग, सोडा, शिट्ट्या.

आई उठली. यंदाची थैली अजून घरातच होती, तिच्यातली ओंजळभर डाळ तिनं धुवायला घेतली. सिंकचा नळ सोडला, तळहातावर पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकून टाकलं. "खारं हाय हे. याच्यात कशी शिजन डाळ? सात वर्षं झाली, पाणी चाखून नाही पायलं काहून?"

नाही पाहिलं. प्यायला कॅन होता, चाखणार कशाला? क्षारांच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. आईनं कॅनचं पाणी घालून कुकर लावला. तीन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी. हे म्हणाले, "अरे वा!" मला त्या 'अरे वा'चा इतका संताप आला की मी आत निघून गेले. नंतर शोभाताईंना जाब विचारला, तर म्हणाल्या, "आमी तं कॅनच वापरतो, मॅडम. तुमी कधी विचारलंच नाही."

आता आम्ही घरी जेवतो. वरण, भाकर, एखादी पालेभाजी. साखर काठावरून मागं सरकली आहे, घरासाठी थोडंफार उरतंही. भांड्यांचा ढीग पाहून अजून डोकं फिरतं, ते वेगळं.

पण पुढचा उन्हाळा आला आणि डाळ आली नाही. मे संपत आला. मी एसटीची वाट पाहायचे आणि विचारायची हिंमत व्हायची नाही. आई आता पाठवणार नाही, असंच धरून चालले होते. त्या थैलीमुळंच मी आजवर कुणाची तरी होते, हे अडीच तासांवर बसून मला तेव्हा कळलं.

जूनच्या तोंडावर कंडक्टरनं दोन थैल्या हातात दिल्या. दोन्ही हिरव्या. आईचा फोन आला, "एक तुही. दुसरी त्या भोजनालयवालीले दे. सात वर्षं तिनं जेवू घातलं तुमाले."

मी खालमानेनं नेऊन दिली. रात्री आईनं नेहमीचं विचारलं, "डाळ कशी हाय?"

"छान" ओठांवर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "आज पार गाळ झाली वो आई."



"मंग एक शिट्टी कमी घेजो," ती म्हणाली.