खाडीच्या वळणावरची रेल्वे

साठ सालानंतरही आमच्या मालवण किनाऱ्यावर रेल्वे नव्हती, आणि याचा मला मनस्वी संताप होता. मी पत्रकं वाचून वाढलेला. स्वतःही एक लिहून वाटलं, तर दुकानदारांनी त्यात हळद बांधली. मग ठरवलं, आता रेल्वे दाखवायचीच. रविवारी आमच्याकडे सभा होती. सरकारला पाठवायच्या अर्जावर सह्या घ्यायच्या होत्या. तोवर पडवीतल्या जुन्या दाराच्या फळीवर खेळण्यातली गाडी धावायला हवी होती.

रूळ मी बांबूच्या कामट्यांचे केले, खाडी निळ्या रंगात रंगवलेल्या पत्र्याची, स्टेशन पुठ्ठ्याचं. इंजिनात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग. डबे आणि चाकं केली सावंतवाडीच्या एका खेळणी करणाऱ्या कारागिराने, कॅलेंडरवरचं चित्र बघून. रंग असा की बघत राहावं! पण किल्ली दिली की गाडी खाडीच्या वळणावर घसरायची. तीन दिवस मी कामट्या तासत होतो.

"तुजो रूळ वाकडो," कारागीर म्हणे.

"तुजी चाकां वाकडी," मी म्हणे.

शनिवारी शेजारची मासे विकणारी काकी पाटी उतरवून बघत बसली.

"चाकाची कड भायर कित्याक रे? ती आतल्या अंगाक आसता."

"तुका काय ठावक?" कारागीर हसला.

"सुके बांगडे घेवन बेळगावाक गेल्लंय. चार तास मालगाडीच्या सावलीक बसलंय. चाकां नाय बघूची तर काय तुजा तोंड बघू?"

आम्ही दोघांनी खरी रेल्वे कधी पाहिलीच नव्हती. कारागिराने चाकं उलटी बसवली, मी रुळांमधलं अंतर जुळवलं. संध्याकाळपर्यंत गाडी वळण घेऊ लागली. मी तिला उगाचच वीसेक फेऱ्या मारायला लावल्या.

रविवारी पडवी भरली. गाडी खाडी ओलांडून गेली तशी माणसं सह्यांना पुढे सरकली. काकी मात्र जागची हलेना.

"काकी, अंगठो?"

"टेसन खंय आसा?"

"बाजाराकडे."

"मगे मी पाटी घेवन थंयसर चलत जाव? तवसर मासे कुसतले."

सगळे हसले. माझे कान तापले, कारण गरिबांसाठी लिहिलेला तो अर्ज मी एकाही गरिबाला विचारून लिहिला नव्हता. मी पुठ्ठ्याचं स्टेशन उचकटलं आणि काकीने बोट ठेवलं तिथे, बंदराजवळ, चिकटवलं. अर्जातली स्टेशनच्या जागेची ओळ खोडून नवी लिहिली, तिला वाचून दाखवली.

"आता बरा," म्हणत तिने शाईत अंगठा बुडवला.