पाववाल्या मावशींचा वाडगा

पाववाल्या मावशींच्या लेकीने एकदा चेष्टेत विचारलं, "आई, मी बसवलेल्या काचा लोक चार-चार वर्षं नाकावर घेऊन फिरतात. तू एवढी राबतेस, तुझं केलेलं काय आहे गं शिल्लक?" लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. बोलली आणि विसरून गेली. लेकींचं काय जातंय बोलायला!

मावशींना मात्र ते लागलं. एकतीस वर्षं त्या बेकरीत पीठ मळत होत्या. पहाटे चारला हात पिठात जायचे ते दुपारी एकला बाहेर यायचे, आणि संध्याकाळी दाखवायला म्हणाल तर एक पाव उरायचा नाही. उरलाच तर मालकाची बोलणी वेगळी. खांदे कामातून गेले, पाय रोज सुजून टम्म. आणि शिल्लक काय? खरंच की, काही नाही.

म्हणून बेकरीमागच्या गल्लीत, चाकावर भांडी करायला शिकवतात अशी पाटी दिसली तेव्हा त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. आठ रविवार, दुपारी दोन ते चार. आपल्या हातचं एक भांडं घरात राहायला हवं, बस्स, एवढीच इच्छा. बेकरीला रविवारची सुट्टी कसली, रविवारी तर लोक जास्त पाव खातात. तेव्हा नऊ तास उभ्याने काम करून मावशी तशाच यायच्या, स्टुलावर बसायच्या, आणि बसल्या की डोळे मिटायला लागायचे.

शिकवणारे मास्तर म्हणजे काडीपैलवान माणूस. मिशी मातीने कायम पांढरी, आणि कौतुकाच्या बाबतीत महाचिक्कू. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी माती मळायला शिकायचं." मावशी मनातल्या मनात हसल्या. मळायला, आणि मला शिकवणार? बाह्या सारल्या आणि पाच मिनिटांत गोळा असा काही लुसलुशीत केला, की शेजारच्या चाकावरची दातांची डॉक्टरीण बघतच राहिली. मास्तरांनी तारेने गोळा मधोमध कापला. आत बारीक बारीक भोकं.

"अगंबाई! काय सुरेख जाळी पडलीय," मावशी हरखून म्हणाल्या.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, पाव नाही करायचाय आपल्याला! ही हवा आहे हवा. असलं भांडं भट्टीत गेलं तर फुटतं, आणि शेजारच्या चार भांड्यांना घेऊन फुटतं."

आता घ्या! एकतीस वर्षं ज्या हातांनी पीठ दुमडून दुमडून हवा आत कोंडली, त्याच हातांनी ती आता हाकलायची. डोक्याला कळत होतं हो, पण हातांना कोण समजावणार? चार रविवार त्यातच गेले. मावशींनी गोळा दुमडला रे दुमडला, की मास्तर लांबूनच ओरडायचे, "मावशी, पाव!" आणि सगळा वर्ग खो खो हसायचा. मावशीही हसायच्या. रागवायला तरी अंगात त्राण कुठे होतं?

मग चाकाची पाळी आली. चाकावर गोळा अगदी मध्यावर बसवायचा, फिरताना तो जरासुद्धा डुलता कामा नये. मावशी जीव खाऊन दाबायच्या आणि त्यांचा गोळा डुलायचा. एकदा तर उडून थेट डॉक्टरीणबाईंच्या मांडीत जाऊन पडला. बाकीच्यांची भांडी मात्र उभी राहायला लागली. मास्तरांची एक रीत होती. ज्याचं पहिलं भांडं नीट उभं राहील, ते तिथल्या तिथे तारेने उभं कापायचं. भिंत कुठे जाड झाली, कुठे पातळ, ते कापल्याशिवाय कळत नाही, म्हणायचे. डॉक्टरीणबाईंचंही कापलं. त्यांनी दुसरं केलं, तिसरं केलं. मावशींनी मात्र ते पाहून मनाशी पक्कं केलं, माझं कापू द्यायचं नाही. हात जोडीन, वेळ पडली तर भांडेन, पण नाही म्हणजे नाही.

शेवटचा रविवार आला. आज जे होईल तेच वाळून भट्टीत जाणार होतं, मग वर्ग बंद. नेमका त्याच दिवशी बेकरीतला जोडीदार आजारी पडला आणि त्याच्या वाटचं पीठही मावशींनीच मळलं. चाकाशी बसल्या तेव्हा दाबायला जोरच उरला नव्हता. कोपरं मांड्यांवर टेकली, हात गोळ्यावर ठेवले आणि सगळं अंग सैल सोडून नुसत्या रेलल्या. आणि गोळा डुलायचा थांबला! मावशींनी श्वास रोखून अंगठे आत घातले, हळूहळू भिंत वर ओढली. वाडगा झाला. बेताचाच, दोन मुठींएवढा, पण चांगला उभा राहिला.

त्यांनी चाक बंद केलं. मास्तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. इकडे आले की सांगायचं, हा कापू नका. येतीलच एवढ्यात, म्हणून मावशींनी भिंतीला पाठ टेकली आणि घटकाभर डोळे मिटले.

जाग आली ती गलक्याने. सगळा वर्ग त्यांच्या चाकाभोवती जमला होता. मास्तरांच्या हातात तार, आणि चाकावर वाडग्याच्या दोन फाका.

"बघा, बघा!" मास्तर चक्क आनंदाने ओरडत होते. "खालपासून वरपर्यंत एकसारखी भिंत. एक भोक नाही! नवशिक्याची अशी भिंत मी आजवर पाहिली नाही."

"तुम्हाला उठवणार होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण इतक्या गाढ झोपला होतात, जिवावर आलं हो."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "कापला? अहो मास्तर, माझं केलेलं रोज कापतातच की लोक! कापतात आणि खातात. हा एक ठेवायचा होता मला. एकच!" आणि मातीच्या हातांनी तोंड झाकून त्या हमसून हमसून रडायला लागल्या. राग मास्तरांचा होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या झोपेचा.

मास्तरांचा चेहरा पार उतरला. "दुसरा करा ना, मावशी. मी थांबतो, लागेल तेवढं थांबतो."

"आता हात उचलत नाहीत हो," मावशी म्हणाल्या.

मास्तरांनी दोन्ही फाका अलगद उचलल्या, ओल्या बोटाने त्यांच्या कडा पुसल्या आणि फळीवर वाळत ठेवल्या. कापलेलं भांडं त्यांनी कधी भट्टीत घातलं नव्हतं, पण या वेळी घातलं.

तीन आठवड्यांनी त्यांनी एक फाक मावशींच्या हातात दिली. "दुसरी मी ठेवून घेऊ का?" त्यांनी जरा चाचरतच विचारलं. "नवीन मंडळींना दाखवायला. भिंत अशी हवी म्हणून." मावशींनी मान डोलावली.

घरी लेकीने ती उलटसुलट करून पाहिली. "आई, अर्धाच? यात ठेवणार काय?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. कापलेली बाजू भिंतीला लावून त्यांनी ती ओट्यावरच्या फळीवर उभी केली आणि जाऊन आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कामावरून आल्या. पाय सुजलेले, खांदा ठणकत होता. चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावल्या. होती. तिथेच होती, काल ठेवली तशी.