नातीला बिस्किटं, मला भाकर

मंडळी, आज सकाळी शाळेतून बाईंचा फोन आला. चौथीतली माझी नात प्रार्थनेला चक्कर येऊन पडली होती. मी धावत गेलो.

बाईंनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं हिनं?"

"चहा-बिस्किटं."

नात मध्येच बोलली, "बाई, आजोबा सोता नाचणीची भाकर खातात. मला मागितली तरी देत नाय!"

आम्ही गरिबीत नाचणीवर दिवस काढले. पोरीवर ती वेळ नको, म्हणून मी मुरबाडहून बिस्किटांचे पुडे आणायचो.

बाईंनी वर्गातला सकस आहाराचा फळा दाखवला. नाचणी, डाळ, पालेभाजी, सगळं लिहिलेलं. म्हणाल्या, "आजोबा, हिला हे सगळं पाठ आहे."

पाठ होतं तिला, पण ताटात काय वाढायचं ते मी ठरवत होतो. तुमच्या घरी कोण ठरवतं?